माळकरी आजी

आज आजीचे वर्षश्राद्ध झाले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, की घरची तजवीज लावून आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिंडीत सामील होत असे आणि दिवे घाटाची दमवणारी चढण हरिपाठ म्हणतच चढत असे. आजोबा गेल्यावर तिने दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून मुले वाढवली, पण एकादशी कधी मोडली नाही. तिची जपमाळ आज हातात घेतली. मेरुमण्याजवळचे मणी बोटांनी झिजून अगदी गुळगुळीत झाले आहेत. देवाकडे ती क्वचितच काही मागे, आणि तिच्या भक्तीतले मला तेच सर्वांत थोर वाटते. आमच्या मुलीला पहिला अभंग आजीनेच शिकवला होता. आज पाने वाढल्यावर मुलीने तो सर्वांसमोर न अडखळता म्हटला.