लोणार-मेहकरकडे जिओकॅशिंग: प्रकार आणि आकार वाचल्याशिवाय गाडी ठरवू नका

आधी निकाल सांगतो. या भागात जिओकॅश, म्हणजे कुणीतरी लपवलेला आणि जीपीएसवरून शोधायचा डबा, शोधायला येणार असाल तर नकाशावरचा ठिपका पाहून निघू नका. कॅशचा प्रकार, डब्याचा आकार आणि आधी येऊन गेलेल्यांचे लॉग, म्हणजे नोंदी, वाचा, मगच गाडीवाल्याशी बोला. आम्ही हे सगळं वाचून गेलो होतो, तरी फसवणूक झाली. कारण जे लिहिलं होतं तेच खोटं होतं.

ॲपच्या यादीत होतं: मल्टी, आकार स्मॉल, टेरेन (वाट किती अवघड) १.५. गावाचं नाव देत नाही, पुढच्यांचं कोडं फुटेल. मल्टी म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशावर डबा नसतो, पुढचा धागा असतो. इथे गावाबाहेरच्या पडक्या हेमाडपंती देवळाचे खांब आणि पायऱ्या मोजून आकडे सूत्रात टाकायचे होते. ते पटकन झालं. शेवटचा बिंदू निघाला दीड किलोमीटरवर, पांदणीच्या म्हणजे शेतवाटेच्या टोकाला.

ती पांदण! परतीचा पाऊस नुकताच येऊन गेलेला. सोयाबीन निघालेलं, दोन्ही बाजूंना कपाशी आणि कमरेच्या वर गेलेली तूर, आणि मधे ओली काळी माती. दहा पावलांत बुटाला किलोभर माती. काडीने खरवडा, पुन्हा दहा पावलं, पुन्हा तेच. खोल नक्षीचे ट्रेकिंगचे बूट इथे उलट त्रास देतात, खाचांत माती घट्ट बसते. टेरेनचं माप १ ते ५ असतं आणि ५ म्हणजे दोर-होडीसारखं साधन लागणार. १.५ हा आकडा उन्हाळ्यात कडक वाळलेल्या वाटेवरून दिलेला दिसतो. पावसानंतर तीच वाट माझ्या मते सरळ ४. दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय जाऊ नका. जावंच लागलं तर शेतकऱ्याला विचारून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चाला, तिथे गवताने माती धरलेली असते.

पण खरा संताप पुढे आहे. स्मॉल म्हणजे १०० मिलिलिटर ते १ लिटर. जेवणाच्या छोट्या डब्याएवढी वस्तू. आम्ही तेवढ्याच आकाराची वस्तू दगडांच्या ढिगात शोधत राहिलो, कारण एका मित्राचा ट्रॅकेबल बिल्ला (नंबर असलेला, एका कॅशमधून दुसऱ्यात फिरणारा) तिथे सोडायचा होता. मिळाली ती कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी. काळी डबी, राखाडी झाकण, वर इलेक्ट्रिकची काळी टेप, दोन धोंड्यांच्या फटीत. आत कागदाची दमट गुंडाळी, शेवटच्या नावांची शाई विरघळलेली. हा मायक्रो आहे, १०० मिलिलिटरच्या आतला. बिल्ला मावणं शक्यच नव्हतं. मालकाने, म्हणजे डबा लपवणाऱ्याने, आकार चुकीचा लिहिणं म्हणजे शोधणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं, कारण आपण कुठे पाहायचं ते आकारावरूनच ठरवतो. १ ते २० लिटरचा रेग्युलर असेल तर झाडाची ढोली आणि मोठी कपार बघायची. मायक्रो असेल तर प्रत्येक फट. मायक्रोमधलाच नॅनो तर बोटाच्या पेराएवढा असतो, चिमटा सोबत ठेवा. डेव्ह उल्मरने ३ मे २००० रोजी ऑरेगॉनमध्ये ठेवलेला पहिला डबा चक्क बादली होती. तो मोठेपणा आता फार थोडे मालक दाखवतात. आणि पेन्सिल न्याच, दमट कागदावर पेन उठत नाही.

मिस्ट्री, म्हणजे कोडं सोडवून जागा काढायच्या कॅशबद्दल एकच सांगणं. तिथला ठिपका खोटा असतो, खरी जागा साधारण तीन किलोमीटरच्या आत कुठेही. तेवढ्या अंतरात मधे नाला आला की वळसा पडतो. कोडं घरी सोडवा, मग निघा. अर्थकॅशमध्ये डबाच नसतो, भूशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात. बेसॉल्टमधलं लोणारचं विवर तसल्या कॅशसाठीच घडल्यासारखं आहे. तिथला आमचा दिवस छान गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या देवळाभोवती मोबाईल धरून दगड उचलणारे परके लोक म्हणजे गावाच्या नजरेत गुप्तधनवाले. आमच्यामागेही दोघं आले. "काय धुंडून राह्यले भाऊ?" आवाजात प्रश्नापेक्षा दम जास्त. त्यांचं चुकत नाही. गुप्तधनासाठी होणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आले ते उगाच नाही. त्यांना ॲप दाखवलं, लॉगमधली नावं वाचून दाखवली, तेव्हा ते निवळले आणि एक काका शेवटपर्यंत सोबत चालले. म्हणून सूर्य मावळल्यावर टॉर्च घेऊन शोधू नका, कुदळ-फावडं गाडीतही ठेवू नका. कॅश जमीन खणून पुरायचा नाही हा खेळाचाच नियम आहे, तो मोठ्याने सांगा. गावात शिरताना आधी पोलीस पाटलांना किंवा पारावरच्या मंडळींना भेटा. पाच मिनिटं जातात, दिवस वाचतो.

राहिली काळीपिवळी. फाट्यावरून गावात सोडायचे चारशे घेतले, ते ठीक. परत न्यायला त्याच माणसाने आठशे मागितले, कारण शेवटची एसटी गेली होती आणि त्याला ते ठाऊक होतं. चिखलाचे बूट गाडीत ठेवायचे म्हणून वर शंभर. ही लूट आहे. निघतानाच "जाऊन-येऊन, थांबण्यासकट" असा एकच आकडा ठरवा, अर्धे पैसे परतल्यावर द्या. मल्टी असेल तर थांबायचा वेळ तीन तास सांगा, एक नाही. आणि बुटांसाठी खताची रिकामी गोणी जवळ ठेवा, कुठल्याही कृषी केंद्रावर मिळते.