तुम्ही विचारलंत म्हणून : आमदारांची मालमत्ता तिप्पट कशी होते?

निवडणूक लागून उमेदवारांची शपथपत्रे जाहीर झाली आणि ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट’ असे मथळे झळकले, की जालन्याच्या मोंढ्याजवळच्या माझ्या छोट्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, तुम्ही पस्तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरता. आमच्या सोयाबीनच्या पट्टीतून बियाण्याची उधारी फिटत नाही, मग यांचे तिप्पट होते कसे?” विचारणारा कधी आडत्या असतो, कधी निवृत्त मास्तर, कधी कर्जाच्या कागदांसाठी आलेला तरुण शेतकरी. प्रश्न नेहमी कुणाच्या तरी नावानिशी विचारला जातो आणि मी नेहमी नाव गाळून उत्तर देतो. ज्यांच्याबद्दल विचारले जाते त्यांची फाईल मी पाहिलेली नसते, आणि पाहिली असती तर ती उघड करण्याचा मला अधिकार नसता. शिवाय मी सांगतो तो हिशेब कोणत्याही पक्षाच्या माणसाला तसाच लागू पडतो.

विचारणाऱ्याला ‘खाल्ले’ एवढे एका शब्दाचे उत्तर हवे असते. माझे उत्तर लांबते, म्हणून ते एकदा लिहून काढतो आहे.

तिप्पट हा आकडा स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही. उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६, आपल्याला सहजासहजी मिळालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मतदाराचा जाणण्याचा हक्क मान्य केला, संसदेने तो हक्क आक्रसणारी दुरुस्ती केली, आणि न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द ठरवली. त्यानंतर हा कागद आपल्या हाती आला. त्यात स्थावर मालमत्तेपुढे गट क्रमांक, क्षेत्र, वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे बाजारकिंमत असे रकाने असतात. मथळे बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यावर बेतलेले असतात. आता आपल्याच जिल्ह्याचे पाहा. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून गेला, त्यासाठी जमिनी शासकीय दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला देऊन घेतल्या गेल्या, आणि रस्त्याच्या आसपास ज्यांची जमीन उरली त्यांच्या माळरानालाही भाव आला. अशा गावातल्या साध्या शेतकऱ्याने शपथपत्र भरले असते, तर एक गुंठाही न विकता किंवा न घेता त्याचीही संपत्ती तिप्पट दिसली असती. त्यामुळे मथळा वाचून चोर ठरवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मात्र ‘सगळे वडिलोपार्जित आहे’ असे म्हणून विषय मिटवणाऱ्या कार्यकर्त्यांशीही माझे जमत नाही, कारण त्याच कागदात खरेदीच्या तारखाही लिहिलेल्या असतात. पाहायचे असते ते एवढेच, की दोन निवडणुकांच्या मधल्या काळात नव्याने काय घेतले, त्याला किती पैसे लागले, कर्ज किती काढले आणि उत्पन्न किती दाखवले. फेब्रुवारी २०१९ पासून उमेदवाराला स्वतःचे, जोडीदाराचे, अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबितांचे मागील पाच वर्षांचे आयकर विवरणपत्रातील उत्पन्न लिहावे लागते. म्हणजे बेरीज-वजाबाकीचे सगळे सामान एकाच कागदात आहे. नवी खरेदी चार कोटींची, कर्ज एक कोटीचे आणि पाच वर्षांचे मिळून उत्पन्न साठ लाख, असे दिसले तर उरलेले दोन कोटी चाळीस लाख कुठून आले, हा प्रश्न विचारणे म्हणजे चारित्र्यहनन नव्हे.

या प्रश्नाला आपल्या भागात एक ठरलेले उत्तर आहे : शेती. आणि इथे मला थोडे थांबावे लागते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसलेली गंमत इथेच आहे. विवरणपत्रातील करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात शेतीचे उत्पन्न धरलेलेच नसते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) ने ते वगळले. राज्यघटनेने शेती उत्पन्नावरील कर राज्यांच्या यादीत ठेवलेला आहे, आणि बहुतेक सरकारे त्याला हात लावायला धजावत नाहीत. त्यामुळे शपथपत्रात पाच वर्षांचे आकडे दिसतात ते शेती सोडून, आणि शेती दिसते ती दुसऱ्या एका रकान्यात, ‘उत्पन्नाचा स्रोत : शेती व व्यवसाय’ एवढ्या मोजक्या शब्दांत, आकड्याविना. वजाबाकी करून कितीही रक्कम उरली तरी ती त्या शब्दांत मावते. दुसरीकडे, स्रोत सांगता न आलेल्या रकमेवरचा कर २०१६ च्या अखेरच्या दुरुस्तीने अधिभार आणि उपकर धरून ७७-७८ टक्क्यांच्या घरात गेला होता. एकाच रकमेला ‘माहीत नाही’ म्हटले तर तेव्हा शंभरातले सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जायचे आणि ‘शेती’ म्हटले तर काहीच जायचे नाही, हे समजायला सनदी लेखापालाची गरज नाही.

पण शेती काय देते, हे आपल्याला दिल्लीतल्या अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने पाच जणांपर्यंतच्या एका कुटुंबाला जिरायत जमीन जास्तीत जास्त ५४ एकर आणि बारमाही पाण्याची जमीन १८ एकर ठेवता येते. सगळे ५४ एकर सोयाबीन धरा, एकरी आठ क्विंटलचा बरा उतारा धरा आणि २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने सगळे विकले गेले असेही धरा, जे त्या वर्षी मोंढ्यात फारसे घडले नाही. एकूण येतात २१ लाख १३ हजार रुपये, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी अजून वजा व्हायची आहे. त्याच रानात रब्बीत हरभरा साधला आणि एकरी सहा क्विंटल पडला, तरी त्या हंगामाच्या ५,६५० च्या हमीभावाने दोन्ही पिकांची मिळून ढोबळ रक्कम चाळीस लाखांच्या आतच राहते. मोसंबी, बीजोत्पादन, शेडनेट यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो चांगलाही येऊ शकतो. सज्ञान मुलांची खाती वेगळी असू शकतात, हेही खरे. तरीही जिरायत पट्ट्यातील एखाद्या कुटुंबाने वर्षाला निव्वळ कोटभर शेतीतून काढले असे कोणी सांगितले, तर त्याचा सत्कार करण्याआधी पिकाचे नाव विचारायला हवे.

आपण ते विचारत नाही, आणि याचे कारण सांगताना मला माझ्याच टेबलाकडे बोट दाखवावे लागते. २०१२-१३ हे वर्ष जालना जिल्हा विसरणार नाही. टँकरमागे लोक धावत होते आणि वर्षानुवर्षे जपलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून सरपणाला जात होत्या. त्या वर्षीचे विवरणपत्र भरायला माझ्याकडे एक गुत्तेदार आले. त्यांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, “मोसंबीचे नऊ लाख टाका.” बाग कुठे आहे, पाणी कुठले होते, माल कोणत्या आडतीवर गेला, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. माझी फी ठरलेली होती, माणूस ओळखीचा होता, आणि करमुक्त रकान्यातील आकडा क्वचितच कोणी तपासतो हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी नऊ लाख टाकले. पुढे, २०१९-२० या आकारणी वर्षापासून, पाच लाखांवर निव्वळ शेती उत्पन्न दाखवणाऱ्याला जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की भाड्याची, ओलिताची की पावसावरची, असा तपशील देणे विवरणपत्रात सक्तीचे झाले. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये चार लाख नव्वद हजारांचे पीक जोमात येऊ लागले.

म्हणून आमदाराच्या शेतीबद्दल बोलताना आपला आवाज मधेच खाली येतो. प्लॉट घ्यायचा असो, मुलीच्या लग्नाचा खर्च दाखवायचा असो की कर्जासाठी उत्पन्न फुगवायचे असो, तोच रकाना आपणही वापरलेला असतो. त्यातच, शेतीच्या उत्पन्नावर प्रश्न म्हणजे शेतकऱ्यावर प्रश्न, अशी आरोळी ठोकली की कर्जाखाली दबलेला खरा शेतकरी बड्या शेतकऱ्याच्या पुढे ढाल होऊन उभा राहतो. त्याला कर लागण्याइतके उत्पन्नच नसते, तरी हे घडते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर वजाबाकीत उरलेली रक्कमही दर वेळी काळी नसते. जालन्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर होती. एवढ्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने सहा किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नसते, त्यामुळे ती विकून आलेले कोटभर रुपये करपात्र उत्पन्नात न दिसता पूर्णपणे कायदेशीर असू शकतात. भूसंपादनाच्या मोबदल्यालाही अनेकदा आयकर लागत नाही. पण त्याची रजिस्ट्री असते, निवाडा असतो, तारीख असते. खुलासा करणाऱ्याने ती सांगावी. आयकराची नोटीस आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नसते, आणि ‘मी खुलासा दिला आहे’ म्हणजे तो मान्य झाला असेही नसते. विवरणपत्र माहिती अधिकारात मागता येईल असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती वैयक्तिक माहिती मानली असल्याने तो दरवाजा जवळपास बंद आहे.

शपथपत्राच्या चौकटीबाहेर जे राहते त्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्वतंत्र झालेला मुलगा, भाऊ, मेहुणा, भाचा यांच्यासाठी त्यात रकाना नाही. शिक्षण संस्था, पतसंस्था, सूतगिरणी, साखर कारखाना हे कागदोपत्री कोणाच्याच मालकीचे नसते, आणि मराठवाड्यातील सत्ता राहते ती मात्र नेमकी तिथेच. साहेब ज्या गाडीतून उतरतात ती संस्थेची असते, म्हणून शपथपत्रात ‘वाहन : निरंक’ लिहिणे खोटेही ठरत नाही.

‘मग हे न्यायालयावर सोडा’ असे कोणी म्हणाले की मला तमिळनाडूच्या माजी मुख्यमंत्री जयललितांचा खटला आठवतो. १९९१ ते १९९६ या काळातील मालमत्तेचा तो हिशेब होता, आणि हैदराबादजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेचे उत्पन्न किती, हाही त्यातील एक वाद होता. बंगळूरच्या विशेष न्यायालयाने त्या काळाचे दहा लाख मान्य केले, उच्च न्यायालयाने शेहेचाळीस लाखांवर. २०१४ मध्ये शिक्षा झाली. मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ज्ञात उत्पन्नापेक्षा जादा मालमत्ता ८.१२ टक्केच आहे असे म्हणून निर्दोष सोडले, कारण दहा टक्क्यांपर्यंतची तफावत जुन्या निकालानुसार चालवून घेतली जात असे. त्यानंतर लोकांनी निकालपत्रातील कर्जांची यादी पुन्हा बेरजेला घेतली, तेव्हा सुमारे १० कोटी ६७ लाखांची बेरीज २४ कोटी १७ लाख लिहिली गेल्याचे दिसले. साडेतेरा कोटींचा फरक केवळ बेरजेत होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून सहआरोपींची शिक्षा पुन्हा लागू केली, तेव्हा जयललिता हयात नव्हत्या. वीस वर्षांच्या त्या खटल्यातून मी घेतलेला बोध इतकाच आहे, की बेरीज आपणही करून पाहावी.

मागच्या निवडणुकीनंतर एक तरुण माझ्याकडे तशी करूनच आला होता. त्याने दोन निवडणुकांची शपथपत्रे छापून आणली होती आणि त्यातल्या गट क्रमांकांवरून सातबारा काढले होते. गाव नमुना बारामध्ये पीक आणि ओलिताचे साधन लिहिलेले असते, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत ते मोबाईलवरून नोंदवले जाते, हे मला ठाऊक होते. पण शपथपत्राशेजारी सातबारा ठेवून वाचण्याचे इतक्या वर्षांत मला सुचले नव्हते. पाच उताऱ्यांपैकी तिघांवर ‘पड’ लिहिलेले होते आणि ओलिताचा रकाना मोकळा होता. पीक पाहणी राहून गेली असेल, असे मी बचावाच्या बाजूने म्हणालो, आणि तसे होतेही. तो म्हणाला, “काका, आमचे शिवार लागून आहे. तिथे कुसळाशिवाय काही येत नाही.” मी त्याला सांगितले की हे कुणाला चोर म्हणण्यापुरते नाही, पण लेखी प्रश्न विचारण्यापुरते नक्कीच आहे, आणि प्रश्नाचा मसुदा मी करून दिला.

कागद गोळा करताना तो जरा घुटमळला. त्याच्या मोठ्या भावाचे विवरणपत्र माझ्याच कार्यालयातून जाते आणि त्यातही शेतीचे चार लाख नव्वद हजार आहेत. सातबारा काढताना त्याने स्वतःच्या गटाचाही काढला होता. “दादांच्या त्या वर्षीच्या उताऱ्यावरही पडच आहे,” तो म्हणाला. यंदा तो आकडा काय ठेवायचा, हे भावाला विचारून कळवतो असे सांगून तो गेला. विवरणपत्राची मुदत जवळ आली आहे आणि त्याचा फोन अजून आलेला नाही.