हात चालतात वीस मिनिटं, वाळायला लागतात चार दिवस

मुलांना हाताशी घेऊन घरी काही करायचं म्हटलं की साहित्याची यादी कुठेही मिळते, वेळेची मात्र कुणी देत नाही. आणि गोष्टी फसतात त्या बहुतेक वेळेपायीच. मळायला, कापायला, ओतायला वीस मिनिटं पुरतात. गोठायला, वाळायला, निवायला मात्र काही तास लागतात, कधी काही दिवस. मुलांचा उत्साह त्या पहिल्या वीस मिनिटांतच असतो. मग ‘झालं का?’ सुरू होतं, आणि कुणीतरी ओव्हन वाढवतं नाहीतर अर्धवट गोठलेला साचा उघडून बसतं. म्हणून इथे प्रत्येक गोष्टीबरोबर थांबायचा वेळही दिला आहे. सुट्टीचा आठवडा आखताना आधी तो बघायचा, मग साहित्य काढायचं.

खालच्या मापांत कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली आणि लहान चमचा ५ मिली. वजनकाटा असेल तर तोच वापरा. कपात पीठ दाबून भरलं की सैल भरलं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

पहिल्या दिवशी लावून ठेवायचं: साखरेचे खडे

सगळ्यात जास्त वेळ घेणारी गोष्ट आधी सुरू करायची. घरी खडीसाखर करायला आठवडा लागतो, आणि त्यातलं आपलं काम जेमतेम अर्ध्या तासाचं.

आदल्या संध्याकाळी लाकडी काड्या ओल्या करून साखरेत घोळवा आणि रात्रभर पूर्ण वाळू द्या. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं बिघडतं. काडीवरचे साखरेचे कण हेच नव्या स्फटिकांचं बीज असतं. ते ओले राहिले तर पाकात सुटून तळाशी जातात आणि सगळी वाढ ग्लासच्या बुडाला होते.

सकाळी २०० मिली पाणी गरम करून त्यात ६०० ग्रॅम साखर थोडी थोडी घालत विरघळवा. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात साधारण २०० ग्रॅमच साखर मावते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे पाक निवला की जवळपास २०० ग्रॅम साखर जादा होते आणि तीच काडीवर येऊन बसते. पाक स्वच्छ, पारदर्शक दिसला की लगेच गॅस बंद. उकळत ठेवला तर पाणी उडतं आणि सगळ्याचा एकच गोळा होतो. वीस-तीस मिनिटं निवू द्या, कारण कढत पाकात काडी बुडवली तर बीजच विरघळेल. मग ग्लासात ओता. काडी कपड्यांच्या चिमट्यात अडकवून अशी टांगा की तळापासून २-३ सेंटीमीटर वर आणि कडांपासून दूर राहील. ग्लासवर झाकण नको, पातळ कापड हवं. पाणी हळूहळू उडत राहणंही गरजेचं असतं.

यानंतर ६ ते ८ दिवस ग्लास हलवायचा नाही. वर साय धरल्यासारखा साखरेचा थर आला तर चमच्याने हळूच फोडा. दोन दिवसांत काहीच दिसलं नाही तर पाक पातळ राहिला आहे: काडी काढून ठेवा, पाकात ५०-१०० ग्रॅम साखर घालून पुन्हा गरम करा, निववा आणि नव्याने टांगा.

मिठाचा गोळा

कलाकुसरीत मुलांना सगळ्यात जास्त रमवणारी आणि मोठ्यांची सगळ्यात जास्त निराशा करणारी गोष्ट हीच. साहित्य सोपं: २ कप मैदा (सुमारे २५० ग्रॅम), १ कप बारीक मीठ (सुमारे २९० ग्रॅम), पाऊण ते एक कप पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. पाऊण कप घालून मळायला लागा, उरलेलं चमच्या-चमच्याने. आठ-दहा मिनिटं मळल्यावर गोळा गुळगुळीत होतो आणि हाताला चिकटत नाही. मुलांना पाच मिनिटांत कंटाळा येतो, म्हणून उरलेलं मळणं मोठ्यांकडेच येणार हे गृहीत धरा. जाडं मीठ वापरलं तर पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि रंग दिल्यावर ते फारच दिसतं.

लाटून ५-६ मिलीमीटर जाडी ठेवा. त्याहून पातळ वस्तू वाकते, जाड वस्तू आतून वाळतच नाही. टांगायची वस्तू असेल तर भोक जाड स्ट्रॉने पाडा आणि कडेपासून किमान एक सेंटीमीटर आत घ्या, नाहीतर दोरा ओवताना कड तुटते.

आता वाळवणं. ओव्हन १०० अंशांवर, बटर पेपरवर मांडून दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाई करून १५० अंशांवर टाकलं की दोन गोष्टी होतात. आतल्या पाण्याची वाफ वेगाने होऊन वस्तू फुगते. शिवाय बाहेरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत भेगा पडतात. ओव्हन नसेल तर जाळीवर तीन-चार दिवस, रोज उलटायचं. दमट हवेत त्याहूनही जास्त. वाळलं की नाही हे रंगावरून कळत नाही. वस्तूची खालची बाजू मनगटाला लावा: गार लागली तर आत अजून ओल आहे.

बऱ्याच वस्तू रंगवल्यानंतर महिन्याभरात मऊ पडतात किंवा त्यांना पाणी सुटतं. दोष रंगाचा नसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून वॉर्निशचे दोन हात मागून, पुढून, कडांना आणि भोकाच्या आतही हवेत. एकच जागा उघडी राहिली तरी ओल तिथून शिरते. अर्धवट वाळलेल्या वस्तूला वॉर्निश लावलं तर उलट होतं, ओल आत कोंडते आणि बुरशी येते. जलरंगापेक्षा ॲक्रिलिक चांगले, कारण त्यांना पाणी कमी लागतं.

घरात कुत्रा असेल तर हा गोळा आणि वाळलेल्या वस्तूही त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा. एवढं मीठ पोटात जाणं कुत्र्याला जिवावर बेतू शकतं.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर वाळवायच्या भानगडीत न पडलेलंच बरं. त्यांच्यासाठी शिजवलेली खेळायची माती करा: १ कप मैदा, अर्धा कप मीठ, १ कप पाणी, १ मोठा चमचा तेल, २ मोठे चमचे लिंबाचा रस. रंग पाण्यातच मिसळा. सगळं मंद आचेवर ढवळत राहा. तीन ते पाच मिनिटांत भांडं सोडून गोळा होतो. निवल्यावर मळून हवाबंद डब्यात ठेवली की काही आठवडे टिकते. चिकट वाटली तर ती कमी शिजली आहे, वरून मैदा घालण्याआधी आणखी मिनिटभर शिजवून बघा.

गोठवायचा खाऊ

घरची आईसकांडी दगडासारखी होते कारण तिच्यात साखर कमी पडते. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे थोडं पाणी न गोठता राहतं आणि कांडीचा तुकडा दाताने सहज पडतो. साखर फार झाली तर कांडी धरतच नाही. गोड फळाचा ४०० ग्रॅम गर, ६० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी आणि लिंबाचा थोडा रस हे प्रमाण बहुतेक फळांना चालतं. मिश्रण चाखताना नेहमीपेक्षा किंचित जास्त गोड लागायला हवं, कारण थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते.

साचा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून वर एक सेंटीमीटर जागा सोडा. काडी लगेच खोचली तर तिरकी होते. तास-दीड तासाने मिश्रण दाटसर झालं की उभी राहते. एकूण वेळ पाच-सहा तास, म्हणजे रात्री झोपताना लावणं उत्तम: वाट बघायला कुणी जागं नसतं. काढताना साचा कोमट पाण्यात १०-१५ सेकंद धरा. काडी पिळायची नाही, ती एकटीच हातात येते.

थांबायची अजिबात तयारी नसेल त्या दिवशी पिशवीतलं आईस्क्रीम. १२० मिली दूध, १२० मिली साय किंवा क्रीम, २ मोठे चमचे साखर, अर्धा लहान चमचा व्हॅनिला हे झिपच्या छोट्या पिशवीत, हवा काढून, आणि ती पिशवी तशाच दुसऱ्या पिशवीत. मोठ्या पिशवीत अर्धा किलो बर्फाचे तुकडे आणि सुमारे १०० ग्रॅम मीठ. छोटी पिशवी बर्फात खुपसून आठ-दहा मिनिटं हलवत राहायचं. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली असतानाही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. निव्वळ बर्फ वापरला तर दूध नुसतं गार होईल. पिशवी उघड्या हाताने धरायची नाही, बोटं सोलवटतात. हातमोजे घाला किंवा टॉवेलमध्ये गुंडाळा. उघडण्यापूर्वी छोटी पिशवी नळाखाली पटकन धुऊन पुसा, नाहीतर तोंडावरचं खारट पाणी आत जातं. फक्त दूध वापरलं तर स्निग्धांश कमी पडतो आणि खडखडीत बर्फाळ होतं.

पॉपकॉर्नबद्दल एवढंच: मक्याचा दाणा फुटतो तो आतल्या ओलाव्याची वाफ होऊन, आणि चांगल्या दाण्यात तो सुमारे १४ टक्के असतो. जुने दाणे फुटत नसतील तर फेकू नका. लिटरभराच्या बरणीत पाऊण भाग दाणे भरा, एक मोठा चमचा पाणी घालून हलवा आणि घट्ट झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा. भाजताना भांड्यावरचं झाकण मात्र जरासं उघडं असू द्या. वाफ कोंडली की लाह्या चिवट होतात.

सहलीला निघताना

प्रवास म्हणजे तर बसल्या जागी थांबणंच. तिथे कलाकुसरीची पेटी नेण्याचा मोह आवरा. चालत्या गाडीत मान खाली घालून चित्र काढलं किंवा वाचलं की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातला तोल सांगतो आपण हलतोय. त्यातून मळमळ सुरू होते. गाडी लागणाऱ्या मुलाला पुढे, खिडकीबाहेर दूरवर बघायला लावणारे खेळ हवेत: ठरलेल्या रंगाची वाहनं मोजणं, पाट्यांवरची अक्षरं क्रमाने शोधणं, एकेक वाक्य जोडत गोष्ट पुढे नेणं. वही-पेन्सिल थांब्यासाठी आणि मुक्कामासाठी. दर दोन तासांनी गाडी थांबवा, पंधरा मिनिटं मुलांना पळू द्या.

सामानात दोन युक्त्या खरंच कामाच्या आहेत. मुलांचे कपडे प्रकारानुसार न लावता दिवसानुसार लावा: एका दिवसाचा सगळा जोड एका पिशवीत, वर वाराची चिठ्ठी. लहान मूलही आपली पिशवी स्वतः काढतं आणि मोजा शोधण्यासाठी बॅग उपसावी लागत नाही. दुसरी, पहिल्या रात्रीची वेगळी छोटी बॅग: झोपायचे कपडे, ब्रश, औषधं, चार्जर, एक टॉवेल. उशिरा पोचल्यावर तेवढीच उघडायची. चाकांच्या बॅगेत जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवा, नाहीतर उभी केली की ती तोंडावर पडते.

वाटेतल्या खाण्यासाठी पाण्याच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये आडव्या ठेवा. खाण्याच्या पिशवीत त्याच बर्फाचं काम करतात आणि वितळल्यावर पिता येतात. दूध, मांस, अंडी असलेले पदार्थ थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वितळणारं चॉकलेट आणि चुरा होणारी बिस्किटं घरीच राहू द्या. कोरडे, एका घासाचे, हात न माखणारे पदार्थ एकेका मुलासाठी वेगळ्या डब्यात भरले की वाटणीचं भांडणही टळतं. डब्यांवर नावं मात्र आधीच घाला, कारण सगळे डबे एकाच रंगाचे असतात.