दुपारी न सापडणारी गळती

"थंडी पडली की लागतो. तोही गाडी जागेवर चालू ठेवून गरम करत बसले तरच. लगेच निघाले तर नाही लागत." चेक इंजिनच्या दिव्याबद्दल बाई पहिल्याच दिवशी हे बोलल्या होत्या. मी मान हलवली आणि स्कॅनर लावला. गिऱ्हाईक दुखण्याबरोबर निदानही घेऊन येतं, त्यातलंच एक समजलो.

दिवा तेव्हा विझलेला होता. तो असाच छळतो. बहुतेक दोषांत संगणक पहिल्या वेळी नुसती नोंद करतो, पुढच्या फेरीत तेच दिसलं तर दिवा लावतो आणि सलग तीन फेऱ्या ठीक गेल्या की आपणच विझवतो. दोषाचा कोड मात्र मागे राहतो. इथे होता पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन : पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. मी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. वास्तविक लीन झाल्याचं तोच सेन्सर सांगत होता. चुगली करणाऱ्यालाच काढून टाकलं. स्कॅनर आल्यापासून आमच्यातले निम्मे लोक कोड वाचतात आणि पार्ट बदलतात. त्या दिवशी मी त्या निम्म्यांतला.

पंधरा दिवसांनी गाडी परत. भर दुपारी, तापलेल्या इंजिनात धूर सोडून गळती शोधली. कुठेच धूर नाही. "पेट्रोल खराब असेल," म्हणालो. उत्तर सुचलं नाही की आमच्याकडे पेट्रोल खराब असतं. आणि कोड पुन्हा पुसला.

कोड पुसणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कोड पडतो त्या क्षणाची आकडेवारी संगणक जपून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. कोड पुसला की तीही जाते. दोनदा ती न बघता पुसली.

तिसऱ्यांदा आधी ती उघडली. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ३४ अंश, आत येणारी हवा ७, इंजिनचे फेरे ७८०, गाडीचा वेग शून्य, लाँग टर्म ट्रिम अधिक २३ टक्के. म्हणजे इंजिन गार, गाडी उभी, आणि संगणक जवळपास पाव हिस्सा पेट्रोल जास्तीचं ओततोय. बाईंचं वाक्यच आकड्यांत लिहिलेलं.

गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. पहाटे चालू करण्याआधी कूलंट आणि हवा, दोन्ही सेन्सर ६ अंश दाखवत होते. दोघांचं जुळतंय, म्हणजे खोटं बोलणारं कुणी नाही. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात ट्रिम चढत गेली. रेस देऊन २५०० वर नेलं तर ४ वर उतरली, सोडलं की पुन्हा वर. या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे. त्याला चुकवून शिरणारी हवा संगणकाच्या हिशेबात येत नाही. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा. वेगात तोच वाटा किरकोळ होतो.

लगेच बंद करून, इंजिन हाताला गार असतानाच धूर सोडला. चौथ्या सिलिंडरपाशी, सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, उदबत्तीसारखी एक बारीक रेघ. गॅस्केटचं रबर कडक झालं होतं. गारठ्यात आकसायचं, इंजिन तापलं की फुगून फट बुजवायचं. दुपारी काय सापडणार, कपाळ!

गॅस्केट घातलं, पुढच्या दोन पहाटे तपासलं, ट्रिम ३ च्या आत.

गाडी न्यायला आल्यावर बाईंनी बिल नीट वाचलं आणि विचारलं, "मग तो सेन्सर कशाला बदलला होता?"

त्याचे पैसे वजा केले. उत्तर मात्र दिलं नाही.