सॉल्सबरी: पाण्यावर वसलेले शहर

इंग्लंडच्या नैऋत्येकडील विल्टशर परगण्यातील सॉल्सबरी हे शहर तेथील कॅथीड्रलच्या मनोऱ्यामुळे ओळखले जाते. १२३ मीटर उंचीचा हा दगडी मनोरा इंग्लंडमधील सर्व चर्चमध्ये सर्वांत उंच आहे, त्यामुळे आलेला प्रवासी मान वर करून पाहतो हे साहजिकच आहे. मात्र या शहराचा आठशे वर्षांचा इतिहास पाण्याने घडवला आहे, आणि तो पाण्याच्या अंगानेच वाचायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मूळ वस्ती उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर, ओल्ड सेरम नावाच्या तटबंदीच्या टेकडीवर होती. तेथील कॅथीड्रलचे १०९२ साली समर्पण झाले. परंतु टेकडीवर वारा सोसवत नव्हता, पाण्याची टंचाई होती आणि एकाच तटाच्या आत राहणाऱ्या धर्मगुरूंचे व किल्ल्यातील शिपायांचे पटत नव्हते. अखेर बिशप रिचर्ड पूअर यांनी नदीकाठच्या सखल कुरणात नवे कॅथीड्रल आणि नवे शहर वसवण्याचे ठरवले. २८ एप्रिल १२२० रोजी पायाभरणी झाली आणि अवघ्या ३८ वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. तिचा पाया जेमतेम सव्वा मीटर खोल आहे, कारण खाली ओल्या वाळूगोट्यांचा जाड थर आहे आणि त्याहून खोल खणले की पाणी लागते. पुढच्या शतकात याच पायावर सुमारे साडेसहा हजार टन वजनाचा बुरूज आणि मनोरा चढवण्यात आला. त्या भाराने पर्बेक दगडाचे मधले खांब वाकले असून, त्यांच्या बुडाशी उभे राहून वर पाहिले तर तो बाक साध्या डोळ्यांना दिसतो. आजही फरशीतील एक झाकण उचलून आत काठी बुडवली जाते आणि पाण्याची पातळी मोजली जाते. माझ्या दृष्टीने या वास्तूतील सर्वांत बोलकी जागा तीच आहे.

नव्या शहराची आखणी चौकोनी पेठांची होती. १२२७ साली तिसऱ्या हेन्रीने सनद दिली, आणि मंगळवार व शनिवारचा बाजार आजही चौकात भरतो. फिश रो, बुचर रो, ऑक्स रो, सॉल्ट लेन ही गल्ल्यांची नावे कोठे काय विकले जाई ते आपणहून सांगतात. एव्हन नदीचे पाणी पाटांनी रस्त्यारस्त्यांतून खेळवलेले होते. लोकरीच्या कापडावर शहर श्रीमंत झाले, आणि ते कापड कुटून घट्ट करणाऱ्या गिरण्याही नदीच्या पाण्यावरच चालत. जॉन हॉल या लोकरीच्या व्यापाऱ्याचा पंधराव्या शतकातील दिवाणखाना न्यू कॅनल नावाच्या रस्त्यावर आहे; रस्त्याच्या नावात पाटाची आठवण उरली आहे, आणि दिवाणखाना १९३१ साली एका चित्रपटगृहाचे प्रवेशदालन झाला.

ज्या पाटांचे पाणी लोक भरत, त्यांतच धुणे होई आणि घाणही जाई. १८४९ च्या पटकीच्या साथीत या लहानशा शहरात जवळजवळ दोनशे माणसे दगावली. डॉ. अँड्र्यू बोगल मिडलटन यांनी पाट बुजवून जमिनीखालून गटारे बांधावीत, असा आग्रह धरला. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या दूषित पाण्यातून पटकी पसरते याचा छडा लावला तो १८५४ साली, म्हणजे या साथीनंतर पाच वर्षांनी. हे ध्यानात घेतले की मिडलटन यांच्या आग्रहाचे मोल कळते. त्यांना विरोधही पुष्कळ झाला. तरीही १८५० च्या दशकात पाट कोरडे झाले, शहराचे आरोग्य सुधारले, आणि शहराचे जुने रूप मात्र कायमचे गेले. त्याची हळहळ वाटते, पण ती किंमत योग्यच होती.

पाट खणताना तळाच्या गाळातून शतकानुशतके पडलेल्या वस्तू निघाल्या: किल्ल्या, सुऱ्या, चमचे, कात्र्या, घोडेस्वारांच्या टाचेच्या आऱ्या, आणि कँटरबरीसारख्या तीर्थस्थानांहून भाविकांनी आणलेली शिसे-कथलाची चिमुकली पदके. या वस्तू जतन करण्याच्या खटपटीतूनच १८६० मध्ये येथील संग्रहालय उभे राहिले. ते आता कॅथीड्रलच्या आवारातील किंग्ज हाउसमध्ये आहे. बोटाच्या पेराएवढे ते पदक काचेआड पाहताना, कोणाच्या तरी टोपीवरून ते पाण्यात निसटले असेल आणि तो माणूस वाकून चाचपडला असेल, हे डोळ्यांसमोर येते. मोठमोठ्या थडग्यांपेक्षा मला हाच इतिहास जवळचा वाटतो.

शहराच्या नैऋत्येला हार्नमची पाणकुरणे आहेत. सतराव्या शतकापासून येथे हिवाळ्यात नदीचे पाणी दारे उघडून चऱ्यांतून गवतावर पातळ थराने सोडत. चुनखडीतून झिरपून आलेले हे पाणी थंडीतही तुलनेने उबदार असते, त्यामुळे गवत लवकर फुटते. वसंतात मेंढ्या दिवसा त्यावर चरत आणि रात्री उंचावरच्या शेतांत बसवल्या जात, म्हणजे खत आपोआप पडे. हे सारे सांभाळणारा माणूस म्हणजे आपला पाटकरीच. आता एक न्यास ही कुरणे राखतो आणि पाणी देण्याची ती जुनी पद्धत चालू ठेवतो. कुरणांतून जाणारी टाउन पाथ ही पायवाट हार्नमच्या जुन्या गिरणीपर्यंत पोहोचते. सॉल्सबरीला जाणाऱ्याने ती चुकवू नये, आणि आधी संग्रहालय पाहूनच तिकडे निघावे.