चाळीस मीटर रिसिव्हर: ट्यूनिंगच्या नॉबचं काम मार्गी लागलं

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या हॅम रेडिओ रिसिव्हरचा एसआय ५३५१, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचा बोर्ड ७ मेगाहर्ट्झवर चालू झाला होता. पण फ्रिक्वेन्सी बदलायची तर कोडमधला आकडा बदला, आर्डुइनो नॅनोवर पुन्हा अपलोड करा, असा सगळा कारभार होता. आता पॅनेलवर नॉब बसलाय. तो फिरवला की डिस्प्लेवरचा आकडा हलतो, आणि ज्या दिशेला फिरवला त्याच दिशेला हलतो. यातला दुसरा भाग वाटतो तितका फुकटात मिळत नाही. ही नोंद बरीचशी त्याच्याबद्दलच आहे.

साधा पॉट, म्हणजे फिरवायचा व्हेरिएबल रेझिस्टर, का नाही लावला? लावता येतो. हैदराबादच्या अशर फरहान (हॅम कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स ४० या रेडिओ किटसोबत येणाऱ्या राडुइनो बोर्डावर ट्यूनिंगला पॉटच होता. पुढच्या मायक्रोबिटएक्समध्ये एन्कोडर, म्हणजे फिरण्याची पावलं सांगणारा नॉब, आला. कारण गणितात आहे. नॅनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, म्हणजे पॉटच्या पूर्ण फेरीच्या १०२४ पायऱ्या. आपल्याकडे चाळीस मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झ. एका पायरीला जवळपास १९५ हर्ट्झ पडतात. एसएसबीवर (हॅम लोकांची बोलण्याची नेहमीची पद्धत) समोरचा माणूस ५० हर्ट्झ सरकला तरी आवाज बदललेला कळतो, १९५ ला तर बदक बोलतंय असं वाटतं. त्यात एडीसीचा शेवटचा अंक स्वस्थ बसत नाही, तो नॉबला हात न लावताही वरखाली होतो. छोटा पट्टा पॉटवर घेऊन टोकाला गेलं की पट्टा पुढे सरकवणं वगैरे युक्त्या आहेत, पण माझं मन तिथे रमलं नाही.

रोटरी एन्कोडरला टोकच नसतं. तो गोल गोल फिरतच राहतो, आणि तो कुठे उभा आहे हे स्वतः कधीच सांगत नाही. सांगतो ते एवढंच: आत्ता एक पाऊल हललो, आणि या बाजूला हललो.

मी घेतलाय तो नेहमीचा ईसी११. पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळतो, ६ मिमीची दांडी, पॅनेलला ७ मिमीचं भोक. एका बाजूला तीन पाय, समोर दोन. समोरचे दोन म्हणजे दांडी दाबल्यावर लागणारं साधं पुश बटण, त्याचा फिरण्याशी काही संबंध नाही. तीन पायांमधला मधला कॉमन, तो ग्राउंडला. बाजूचे दोन म्हणजे ए आणि बी. आत धातूची नक्षी असलेली चकती आहे आणि तिच्यावर घासणाऱ्या पत्र्याच्या जिभा. चकती फिरते तसे ए आणि बी कॉमनला लागतात, सुटतात, पुन्हा लागतात. म्हणजे एन्कोडर म्हणून जे विकत घेतो ते खरं तर दोन स्विच आहेत, फक्त एकमेकांपासून पाव चक्र सरकवून बसवलेले. ए आधी लागला आणि मग बी, तर उजवीकडे. बी आधी, तर डावीकडे.

मॉड्यूलवर बसवलेला केवाय-०४० घेतलात तर ए आणि बीला १० किलोओहमचे पुल-अप (स्विच सुटा असताना रेष वर, म्हणजे १ वर धरणारे रेझिस्टर) आधीच असतात. बटणाच्या पुल-अपची जागा मात्र पुष्कळ बोर्डांवर रिकामी असते. तेव्हा बटणाच्या पिनला कोडमधून आतला पुल-अप चालू करा, नाहीतर नॉब न दाबताही दाबल्यासारखं होतं आणि ट्यूनिंगची स्टेप बदलत राहते. नॅनोऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ वापरणाऱ्यांनी मॉड्यूलची अधिक खूण असलेली पिन ३.३ व्होल्टला जोडावी. ५ व्होल्टला जोडली तर पुल-अपमधून तेच व्होल्टेज थेट पिनांवर येतं.

आता मुख्य गोष्ट. जिभा आणि चकती हे यांत्रिक संपर्क, त्यामुळे लागताना आणि सुटताना ते थरथरतात. बोर्न्सच्या पीईसी११आर या एन्कोडरच्या डेटाशीटमध्ये मिनिटाला १५ फेऱ्यांच्या वेगाने हा बाउन्स ५ मिलिसेकंदांपर्यंत चालू शकतो असं दिलंय. १६ मेगाहर्ट्झवर धावणाऱ्या नॅनोवरच्या एटमेगा३२८ चिपसाठी ५ मिलिसेकंद म्हणजे ८०,००० क्लॉक. एवढ्या वेळात त्याला एका खटक्याचे डझनभर खटके दिसू शकतात.

नेटवर सापडणारं नेहमीचं उदाहरण असं: एची पिन इंटरप्टला (पिन बदलताच चालू काम थांबवून चिपचं लक्ष वेधणारी सोय), ए खाली पडला की बीकडे बघायचं, बी वर असेल तर एक वाढवा, नसेल तर एक कमी करा. ब्रेडबोर्डवर नवा कोरा एन्कोडर हळू फिरवला तर हे छान चालतं. भरभर फिरवलं की आकडा मध्येच उलटा पळतो. कारण ए थरथरताना त्याची प्रत्येक पडती कड वेगळं पाऊल म्हणून मोजली जाते. शिवाय वर जाणारी कड आपण बघतच नाही, त्यामुळे मागे आलेलं पाऊल वजा होत नाही. मग लोक इंटरप्टमध्ये ५ मिलिसेकंदांची उसंत घालतात. तेवढ्यात खरी पावलं निसटतात, आणि मग एन्कोडरलाच नावं ठेवली जातात.

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही रेषा नीट वाचल्या तर एन्कोडरला वेगळं डिबाउन्सिंग, म्हणजे थरथर गाळणं, लागतच नाही. ए आणि बी मिळून चार अवस्था होतात. दोन्ही सुटे असताना ११. तिथून उजवीकडे फिरवलं तर ०१, ००, १० आणि परत ११. डावीकडे हाच क्रम उलटा. दर पावलाला एकच रेषा बदलते. बेल लॅब्समधल्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने जो ग्रे कोड ओळखला जातो, ज्याचं पेटंट १९५३ साली मिळालं, त्याचंच हे दोन बिटांचं रूप. एक रेषा थरथरते तेव्हा दुसरी स्थिर असते, कारण त्यांच्यात पाव चक्राचं अंतर आहे. म्हणजे ११ वरून ०१ कडे जाताना ए दहा वेळा थरथरला, तर मोजणी अधिक एक, वजा एक, अधिक एक, वजा एक अशी होते आणि शेवटी अधिक एकवर थांबते. कुणी उंबरठ्यावर कितीही आत-बाहेर केलं तरी शेवटी तो आत आहे की बाहेर एवढंच आपल्याला हवं असतं, तसं.

हे कोडमध्ये उतरवायला १६ घरांचा तक्ता पुरतो. जुनी अवस्था दोन बिट, नवी अवस्था दोन बिट, दोन्ही शेजारी ठेवून चार बिटांचा क्रमांक बनवायचा आणि तक्त्यातून उत्तर घ्यायचं. माझा तक्ता, ए डावा बिट धरून, शून्याव्या घरापासून:

०, −१, १, ०, १, ०, ०, −१, −१, ०, ०, १, ०, १, −१, ०

शून्यं दोन प्रकारची आहेत. काही घरांत अवस्था बदललीच नाही म्हणून शून्य. बाकीच्या घरांत दोन्ही रेषा एकदम बदललेल्या दिसतात, उदाहरणार्थ ०० वरून थेट ११. तसं प्रत्यक्षात होऊ शकत नाही, म्हणजे मधलं पाऊल आपल्या नजरेतून सुटलं. दिशा माहीत नाही, तर अंदाज करायचा नाही.

इथे खटक्यांचा, म्हणजे नॉब फिरवताना हाताला जाणवणाऱ्या थांब्यांचा प्रश्न येतो. माझ्या एन्कोडरला फेरीला २० खटके आणि २० पल्स (ए-बीची पूर्ण चक्रं) आहेत, म्हणजे प्रत्येक खटक्याला चारही पावलं पूर्ण होतात आणि नॉब ११ वर विसावतो. पण याच अंगाचे ३० खटके आणि १५ पल्सवालेही मिळतात. त्यात खटक्याला दोनच पावलं, आणि नॉब एकदा ११ वर, एकदा ०० वर थांबतो. चारने भागणारा कोड त्याला लावला तर दोन खटक्यांना एकदा आकडा हलेल. एन्कोडर खराब म्हणून परत करायच्या आधी प्रत्येक खटक्यावर ए आणि बी सिरियल मॉनिटरवर बघून घ्या, लगेच उलगडा होतो.

नुसतं चारने भागण्यात आणखी एक खोच आहे. एक पाऊल निसटलं तरी मोजणी खटक्यापासून सरकते, आणि पुढे आकडा दोन खटक्यांच्या मधेच कुठेतरी बदलू लागतो. म्हणून मी प्रत्येक वेळी ११ आलं की हिशेब मिटवतो: तोवरची बेरीज २ किंवा जास्त असेल तर एक खटका उजवा, वजा २ किंवा कमी असेल तर एक खटका डावा, आणि बेरीज पुन्हा शून्य. एखादं पाऊल सुटलं तरी पुढचा खटका स्वच्छ सुरू होतो. या एका बदलाने नॉबवर जो भरवसा बसला तो कुठल्याही कपॅसिटरने बसला नव्हता.

कपॅसिटर आहेत, हेही सांगून टाकतो. बोर्न्सच्याच डेटाशीटमधला फिल्टर: १० किलोओहमचा पुल-अप, १० किलोओहम सिरीजमध्ये आणि पिनेवर १० नॅनोफॅरड. पुल-अप आणि सिरीज मिळून चार्ज व्हायचा टाइम कॉन्स्टंट ०.२ मिलिसेकंद, डिस्चार्जचा ०.१. तो ५ मिलिसेकंदांचा बाउन्स पुसत नाही, फक्त बारीक काटे कापतो. मी तो ठेवलाय तो पॅनेलपर्यंतच्या लांब तारांतून येणाऱ्या कचऱ्यासाठी.

वाचायचं कधी? नॉब सेकंदाला दोन फेऱ्या फिरवला तर २ गुणिले २० गुणिले ४, म्हणजे १६० पावलं. सरासरी ६ मिलिसेकंदांना एक. पण खटक्याची स्प्रिंग नॉबला शेवटी झटक्यात ओढते, तिथे पावलं फार जवळ येतात. मुख्य लूपमध्ये वाचत बसलो तर आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरच्या १६ बाय २ डिस्प्लेवर ओळ लिहिताना लूप अडकतो आणि तेवढ्यात पावलं जातात. नॅनोला बाहेरचे इंटरप्ट दोनच, डी२ आणि डी३, आणि ते एन्कोडरवर खर्च करायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे चिपच्या आतल्या टायमर शून्यलाच धरलं. मिलिसेकंद मोजण्यासाठी तो दर १.०२४ मिलिसेकंदांना पूर्ण फिरतोच, त्याचा कम्पेअर इंटरप्ट चालू केला की सेकंदाला साधारण ९७६ वाचनं मिळतात, आणि वेळेच्या फंक्शनांना धक्का लागत नाही. एसटीएम३२ चिप वापरणाऱ्यांना हे सगळं करायची गरज नाही, त्यांच्या टायमरला एन्कोडर मोडच असतो. ईएसपी३२ मध्ये पल्स मोजणारं वेगळं हार्डवेअर आहे. हे वाचून नॅनोवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

डिस्प्ले फक्त आकडा बदलला तरच लिहितो. वेळ वाचतोच, पण मोठा फायदा कानाला आहे. डायरेक्ट कन्व्हर्जन, म्हणजे रेडिओ सिग्नलचा थेट आवाज करणाऱ्या रिसिव्हरमध्ये सगळं गेन (सिग्नल मोठा करणं) ऑडिओत असतं, आणि डिस्प्लेची सततची वटवट हेडफोनमध्ये ऐकू येते.

इलेक्ट्रॉनिक्स इथे संपलं आणि खरा वाद सुरू झाला: एका खटक्याला किती हर्ट्झ? १० ठेवले तर फेरीला २०० हर्ट्झ, अख्खा बँड ओलांडायला १,००० फेऱ्या. १ किलोहर्ट्झ ठेवला तर १० फेऱ्यांत बँड संपतो, पण स्टेशनवर नेमकं बसता येत नाही. वेगाने फिरवलं की स्टेप आपोआप मोठी व्हावी, हा उपाय करून पाहिला. ७.०७४ च्या एफटी८ (संगणकाने पाठवायचे संदेश) वरून सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) टोकाकडे जायला मजा येते, पण स्टेशनजवळ आल्यावर हात जरा घाईचा पडला की ते हुकतं. ते काढून टाकलं. आता दांडी दाबली की १०, १००, १,००० अशी स्टेप फिरते आणि डिस्प्लेवर त्या अंकाखाली रेघ येते. कंटाळवाणं आहे, पण नॉब काय करणार हे हाताला आधी माहीत असतं. दाबताना दांडी थोडी वळतेच, त्यामुळे बटण दाबलेलं असताना आलेले खटके मी मोजत नाही.

एन्कोडरला आठवण नाही, म्हणून शेवटची फ्रिक्वेन्सी ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. एटमेगाच्या ईईप्रॉमचं एक घर १,००,००० लेखनांपर्यंत टिकतं असं डेटाशीट सांगतं. दर खटक्याला लिहिलं तर ते संपायला फार वर्षं लागणार नाहीत. नॉब काही सेकंद शांत राहिला की मगच लिहायचं.

बँड बदलायला पुढेमागे दुसरा नॉब लागेल, आणि तिथे हा एन्कोडर मला नको. तिथे कोडेड रोटरी स्विच हवा: दहा जागा, चार पाय ८-४-२-१ चे आणि एक कॉमन. सहावर ठेवला की ०११०, वीज गेली-आली तरी ०११०. कारखान्यातल्या मॉडबसच्या जाळ्यावर जोडलेल्या उपकरणांवर पत्ता द्यायला स्क्रूड्रायव्हरने फिरवायची छोटी चकती असते, ती याच कुळातली. फक्त ७ वरून ८ वर जाताना चारही बिट एकदम पलटतात आणि मधल्या क्षणी काहीही वाचलं जाऊ शकतं. तिथे मात्र थोडं थांबून दोनदा वाचणं भाग आहे.

एकदा नजर बसली की हे दोन स्विच जिथे तिथे दिसतात. गाडीच्या स्टिरिओचा न संपणारा व्हॉल्यूम, ऑसिलोस्कोपचे नॉब, थ्रीडी प्रिंटरच्या मेनूचा दाबता येणारा नॉब, स्वस्त माउसचं चाक. सीएनसीवाल्यांच्या हातातलं हँडव्हील फेरीला १०० पल्सचं असतं, एका खटक्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग वगैरे. मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्यांना ए आणि बीशिवाय फेरीला एकदाच येणारी झेड रेषाही असते, म्हणजे शून्य कुठे ते सापडतं.

मोठ्या रिगचा (हॅम रेडिओ संचाचा) नॉब खटक्यांशिवाय लोण्यासारखा फिरतो, कारण आत संपर्कच नसतात. चिरा पाडलेली चकती, एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला सेन्सर. बाउन्स नाही, झीज नाही. माझ्याकडे ६०० पल्सचा तसा एक ऑप्टिकल एन्कोडर आलाय. १० हर्ट्झच्या स्टेपला फेरीला ६ किलोहर्ट्झ, म्हणजे स्टेपचं बटण बहुधा लागणारच नाही. पण त्याची चारही पावलं मोजायची तर फेरीला २,४०० होतात, आणि मिलिसेकंदाला एक वाचन त्याला पुरणार नाही. त्यासाठी डी२ आणि डी३ शेवटी द्यावेच लागतील. आउटपुट ओपन कलेक्टर (रेष फक्त खाली ओढणारं) असल्याने पुल-अप बाहेरून लावायचे आहेत, आणि दांडीवर बसेल असा जड नॉब हवाय. पितळेचा, ४० मिमीच्या आसपासचा कुणी लेथवर करून घेतला असेल तर भोकाचं माप आणि ग्रब स्क्रू कुठला वापरला ते कळवा.