मॉन्ट्रियलमधली पायी खाद्यफेरी, तीही श्रावणात

आम्ही दोघं दीड महिन्यासाठी मुलीकडे मॉन्ट्रियलला गेलो होतो. एक दिवस ती म्हणाली, "आई, शनिवारी तुम्हा दोघांसाठी फूड टूर बुक करते. तीन तास चालायचं, पाच-सहा ठिकाणी खायचं आणि गाईड त्या भागाची माहिती सांगते." मी लगेच विचारलं, "अगं, श्रावण आहे ना?"

मी एरवीही शाकाहारीच आहे, केकपावातलं अंडं तेवढं चालतं. हे मात्र तांबड्या रश्शाचे भक्त. पण सासूबाई होत्या तेव्हापासून श्रावण पाळतात, आणि कॅनडात आलो म्हणून तो मोडायचा नाही, हे त्यांनी निघतानाच सांगितलं होतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी बराच पत्रव्यवहार झाला. तो सविस्तर सांगते, कारण आमचा दिवस त्यानेच सावरला.

मुलीने दोन कंपन्यांना लिहिलं. एकीचं उत्तर तासाभरात आलं: हो, शाकाहारी लोकांची सोय होईल. मी तिला परत विचारायला लावलं, की पुटीन या तिथल्या तळलेल्या बटाट्यांच्या पदार्थावरचा रस्सा कशाचा असतो? त्यावर, "त्यात मांसाचे तुकडे नसतात," असं उत्तर आलं. तुकडे नसतात म्हणजे हाडं उकळलेलं पाणी असणार, हे मी ओळखलं. तिथं "व्हेजिटेरियन" एवढ्या एका शब्दावर थांबून चालत नाही. मग मुलीने दुसऱ्या कंपनीला नीट यादीच पाठवली: मांस, कोंबडी, मासे नकोत, सॉस, सूप, रश्शात मांसाचा अर्क नको, चरबी आणि जिलेटिन नको, दूध, चीज चालेल, पावाच्या पिठातलं अंडं चालेल. त्यांनी प्रत्येक थांब्याचं वेगळं उत्तर दिलं. एका ठिकाणी आम्हाला फक्त सरबत मिळेल, एका ठिकाणी रस्सा बदलून मिळेल, बाकी ठिकाणी अडचण नाही. जिथं काही मिळणार नाही ते त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

माणशी शंभर डॉलरच्या आसपास खर्च आला. त्यावर केंद्राचा 5 टक्के आणि क्युबेक प्रांताचा 9.975 टक्के कर. गाईडची टीप वेगळी, साधारण 15 ते 20 टक्के. मुलीने ती रक्कम पाकिटात घालून यांच्या खिशात ठेवून दिली. ती स्वतः कामावर जाणार होती, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो.

मेट्रोच्या नारिंगी मार्गावर लोरिए नावाचं स्टेशन आहे, तिथं उतरून चालत माइल एंड या भागात गेलो. या शहरातली मेट्रो रबरी टायरवर धावते, त्यामुळे डब्यात बसल्यावर बसमध्ये बसल्यासारखं वाटतं. वर आल्यावर दुमजली-तिमजली विटांची घरं दिसली. वरच्या मजल्यांचे लोखंडी जिने घराबाहेरून, थेट फुटपाथवरून चढतात. बर्फात ही माणसं हे जिने कसे चढत असतील, याचाच विचार मी बराच वेळ करत होते.

गटात आम्ही बाराजण. गाईड तिशीची, घरात फ्रेंच बोलणारी मुलगी. मी तिला सुरुवातीलाच सांगितलं, की माझं इंग्रजी बँकेतल्या नोकरीपुरतं आहे, जरा सावकाश बोल. दुसरं विचारलं, की वाटेत बाथरूम कुठं कुठं आहे? साठीच्या आसपासच्या प्रत्येकीने हे न लाजता विचारावं. तिने दोन ठिकाणं सांगितली आणि पुढे तीन तास ती खरोखर सावकाश बोलली.

पहिला थांबा फेअरमाउंट बेगल ही बेकरी. बेगल म्हणजे कड्यासारखा, मधे भोक असलेला पाव. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी हा पाव इथं आणला. या बेकरीचं मूळ 1919 चं आहे, आणि फेअरमाउंट रस्त्यावर ती 1949 मध्ये आली. आत गेल्यावर लाकडाच्या भट्टीची धग एकदम तोंडावर आली. एक माणूस कणकेचा मोठा गोळा घेऊन त्याच्या लांब वळ्या करत होता. वळी तळहाताभोवती गुंडाळायची, तुकडा तोडायचा, जोड दाबून हलकेच लाटायचा, की कडं तयार. माझी आजी भाकरी थापायची तेव्हा तिची नजर परातीवर नसायची, ती आमच्याशी बोलत असायची. हा माणूसही शेजारच्याशी गप्पा मारत होता आणि हात आपले चालत होते.

ती कडी मध घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढतात, तिळात घोळवतात आणि लांब लाकडी फळीवर ओळीने मांडून भट्टीत सारतात. पिठात मीठ नसतं. न्यूयॉर्कचा बेगल जाड आणि फुगीर असतो, इथला बारीक, मोठ्या भोकाचा आणि जरा गोडसर. गाईड म्हणाली, कापू नका, काही लावू नका, गरम आहे तोवर नुसता तोडून खा. बाहेर फुटपाथवर उभं राहून खाल्ला. वरचे तीळ भाजून खमंग झालेले, खाली मधाचा पुसट गोडवा. मी यांना म्हटलं, "अहो, संक्रांतच झाली." या शहरात जन्मलेला अंतराळवीर ग्रेगरी शॅमिटॉफ 2008 मध्ये अंतराळ स्थानकावर गेला, तेव्हा त्याने याच बेकरीतले 18 तिळाचे बेगल बरोबर नेले होते. गटातल्या मुलांना ती गोष्ट फार आवडली.

त्याच रस्त्यावर, कोपऱ्यावर विलेन्स्कीचं छोटं दुकान आहे, 1932 पासूनचं. गोमांसाची सलामी आणि बोलोना, म्हणजे मांसाच्या चकत्या, पावात घालून दाबून भाजतात, मोहरी लावतातच, आणि तो पाव मधोमध कापून देत नाहीत, असा तिथला नियम. आम्हाला आधी सांगितल्याप्रमाणे फक्त सरबत मिळालं, हाताने सिरप आणि सोडा मिसळून केलेलं चेरीचं. बाकीचे खात होते तेव्हा हे शांतपणे भिंतीवरचे जुने फोटो बघत राहिले. एकाने आग्रह केला, तर यांनी छातीवर हात ठेवून, "धिस मंथ, नो," एवढंच सांगितलं. त्या माणसाने महिन्याबद्दल विचारलं, आणि मग यांनी त्याला श्रावण समजावून सांगितला. त्या दहा मिनिटांत यांनी जेवढं इंग्रजी बोललं, तेवढं मी पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे एका इटालियन दुकानात कागदी डब्यात न्योकी, म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे खाल्ले, टोमॅटोच्या सॉसमधले. ठीक होते, माझ्या जिभेला फारच सौम्य. सेंट व्हिएटर रस्त्याकडे वळलो, तिथं एक भलं मोठं चर्च आहे, हिरव्या घुमटाचं, बाजूला मिनारासारखा उंच मनोरा. मला आधी मशीदच वाटली. आयरिश लोकांनी 1915 च्या सुमारास बांधलेलं, आणि पुढे पोलंडच्या लोकांचं झालेलं. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. काळे लांब कोट घातलेले पुरुष, नीटनेटक्या कपड्यांतली मुलं, बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका, सगळी चालत निघालेली. त्या दिवशी ते गाडी चालवत नाहीत की पैशाला हात लावत नाहीत. गाईडने आम्हाला आधीच बजावलं होतं, की त्यांचे फोटो काढायचे नाहीत.

त्याच रस्त्यावर सेंट व्हिएटर बेगल, 1957 चं. नाझींच्या बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेल्या मायर लेव्कोविच यांनी ते सुरू केलं. त्यांच्याकडे पोरवयात कामाला लागलेल्या जो मोरेना या इटालियन मुलाने पुढे ते चालवायला घेतलं. ज्यू माणसाचा पाव इटालियन माणसाने त्याच पद्धतीने सांभाळला, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. दोन बेकऱ्यांपैकी चांगली कुठली यावरून या शहरात घराघरात वाद आहेत म्हणे. माझं मत पहिलीच्या बाजूने, तिथले तीळ जास्त खरपूस होते.

पुढचा थांबा पुटीनचा. पुटीन म्हणजे तळलेले बटाटे, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम रस्सा. हा पदार्थ 1950 च्या दशकातला, क्युबेकच्या खेड्यांतला. वॉरविक आणि ड्रमंडविल ही दोन्ही गावं त्यावर हक्क सांगतात. चीज त्याच दिवशीचं असेल तर दाताखाली रबरासारखं कुचकुचतं. फ्रिजमध्ये गेलं की तो आवाज जातो. आमच्यासाठी मशरूमचा रस्सा ठरला होता. बशा आल्या तेव्हा सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी हात न लावता गाईडला बोलावलं. तिने आत जाऊन विचारलं, तर आमच्या दोन्ही बशांत नेहमीचाच रस्सा ओतला गेला होता. तिने दोन्ही परत पाठवल्या, आमची माफी मागितली आणि नवीन येईपर्यंत पूर्ण गटाला थांबवलं. आधी यादी पाठवलेली असली तरी समोर ताट आल्यावर पुन्हा एकदा विचारायला हवं. आणि ज्यांना चीजमधलं वासराच्या पोटातलं रेनेटही (दूध घट्ट करायला घालतात तो अर्क) चालत नाही, त्यांनी तेही यादीत लिहावं. आमच्या यादीत ते राहून गेलं होतं.

शेवटचा थांबा मेपल सिरपच्या दुकानात. इथं जरा माहेरचं सांगते. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात वडिलांचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं घालणारा जाळव्या, काहिलीवर नजर ठेवून उभा गुळव्या, रानभेंडीचा चिकट रस टाकून वर येणारी मळी, आणि आम्हा पोरांच्या हातात तांब्याभर गरम काकवी. हे सगळं मी बघत वाढले. त्यामुळे गाईडने झाडाचा रस आटवण्याचं वर्णन सुरू केलं, तशी मी पुढे जाऊन उभी राहिले.

मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळण्याइतकी ऊब असते, तेव्हा मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. झाडाला भोक पाडून तो गोळा करतात. दिसायला नुसतं पाणी, साखर जेमतेम 2 टक्के. म्हणून 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप होतं. आपल्या उसाच्या रसात साखर 18-20 टक्क्यांपर्यंत असते, तरी काहील उतरेपर्यंत गुळव्याला घाम फुटतो. इथं तर त्याच्या कितीतरी पट जाळण लागत असेल! मी विचारलं, "मळी कशी काढता?" तिला प्रश्न कळेना, तेव्हा हाताने फेस वर येताना दाखवला. मग तिने दुकानदारालाच बोलावलं. तो उत्साहाने फ्रेंचमध्ये सांगायला लागला आणि गाईड इंग्रजीत सांगत गेली. फेस फार चढला तर लोण्याचा एक थेंब टाकला की बसतो, आणि शेवटी सिरप जाड कापडातून गाळतात. मी त्याला रानभेंडीचं सांगितलं. त्याने भेंडी कशी दिसते ते फोनवर शोधून बघितलं. बाकीचे दहाजण शांतपणे ऐकत होते. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट आणि नाजूक चवीचं, शेवटचं गडद आणि तीव्र. चार चमचे चाखायला दिले. मी गडद घेतलं, कारण काकवीच्या जवळ तेच जात होतं.

तीन तास म्हणता साडेतीन झाले. पाकीट तिच्या हातात दिलं, तेव्हा तिने मला विचारून मिठी मारली. पाय दुखत होते, तरी जुने रुळलेले बूट घातले होते म्हणून निभावलं. नवे बूट घालून जाऊ नका, आणि सकाळचा नाश्ता अर्धाच करा.

सिरपचे 540 मिलिलिटरचे दोन पत्र्याचे डबे आणले. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, म्हणून साड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातले. कोल्हापूरला आल्यावर एक धाकट्या भावाकडे नेला. आता गावात गुऱ्हाळ नाही, ऊस कारखान्यालाच जातो. भावाने ताटलीत ओतून बोटाने चाटलं, थोडा वेळ जिभेवर ठेवलं, मग भाकरीचा तुकडा बुडवला.

"पातळ हाय, आक्का," तो म्हणाला. "पर आटवणाऱ्याचा हात चांगला हाय."